४२ घरांच्या वस्तीची वीज जवळपास शून्यावर आणायची आहे: आधी छप्पर की आधी पॅनेल?

सपरी_वर्धा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाला लागून ४२ घरांची वस्ती आहे. वर्षभराच्या हिशोबात ती बाहेरून जेवढी वीज घेईल, साधारण तेवढीच तिथल्या छपरांवरून परत जावी, असा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. नवी वसाहत उभारायची नाही. आहेत त्याच घरांची दुरुस्ती करायची आहे.

१६ घरं मातीच्या भिंतींची आणि कवेलूंची (कौलांची) आहेत, ११ विटांच्या भिंतींवर टिन टाकलेली आणि १५ स्लॅबची. स्लॅबवाल्यांत १० घरकुलं आहेत. बारा महिन्यांची बिलं गोळा केली, तेव्हा घरामागे वर्षाला सरासरी १,०८० युनिट निघाले. त्याची फोड अशी: दोन साधे पंखे ४८६, कूलर २१०, फ्रिज २००, टीव्ही ८८, दिवे ८२, बाकी किरकोळ. म्हणजे ४२ घरांचे ४५,३६० युनिट. रस्त्यावर २४ खांब आहेत, ७० वॅटचे जुने सोडियम दिवे, चोकसह वर्षाला साधारण ८,१०० युनिट. नळयोजनेचा साडेसात एचपीचा पंप रोज चार तास चालतो, त्याचे १०,२०० च्या आसपास. सगळे मिळून ६३,७०० युनिट.

एका विक्रेत्याने हा आकडा पाहून सरळ ४५ किलोवॅटचं कोटेशन दिलं. माझे प्रश्न असे: इतके पॅनेल खरंच लागतात का? कवेलूची घरं पाडून स्लॅब टाकावा असा काहींचा आग्रह आहे, तो बरोबर आहे का? टिनाखाली काय करावं? आणि गावातली व्होल्टेजची अवस्था पाहता एवढी सौर वीज लाइन पेलेल का?

छप्पर_आणि_भिंत

भाऊ, ते कोटेशन तूर्त बाजूला ठेवा. विक्रेत्याचा भागाकार बरोबर आहे. आपल्याकडे नीट बसवलेल्या १ किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतात, ६३,७०० ला १,४०० ने भागलं की ४५ येतात. पण त्याने तुमची उधळपट्टी तशीच धरून पॅनेल लावले. आधी वापर उतरवा, मग भागा.

पंख्यांचाच हिशोब बघा. ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) लावला की घरामागे ४८६ चे १९४ युनिट होतात. ४२ घरांत वर्षाला १२,२०० युनिट वाचतात. तेवढी वीज तयार करायला पावणेनऊ किलोवॅट पॅनेल लागतील. किलोवॅटमागे ६० हजार धरले तर सव्वापाच लाख रुपये. ८४ पंखे प्रत्येकी ३,००० रुपयांनी अडीच लाखांत येतात. पंखा बदलणं हे पॅनेल लावण्यापेक्षा निम्म्या पैशात होतं.

रस्त्याचे दिवे २० वॅटच्या एलईडीवर आणले की १,९३० युनिट. पंपाचं काम आधी गळतीपासून सुरू करा. गळक्या पाइपलाइनला मोठा पंप लावून चार तास चालवण्यापेक्षा गळती काढून, उंची आणि प्रवाह मोजून निवडलेला ५ एचपीचा पंप तीन तासांत तेवढंच पाणी टाकीत चढवत असेल, तर वर्षाला ५,१५० युनिट पुरतात. कूलर १४ तासांऐवजी ९ तासांवर आणि कमी वेगावर आला तर २१० चे १०० युनिट. हे सगळं धरून वस्ती ३५,६०० युनिटांवर येते, म्हणजे साडेपंचवीस किलोवॅट. वीस किलोवॅट पॅनेल विकत घ्यायचे वाचले.

कूलरचे तास कमी होतात ते फक्त छपरामुळे, म्हणून खरा मुद्दा छप्पर. युरोपात जवळपास शून्य ऊर्जेच्या इमारतींचा नियम २०१० च्या निर्देशातून आला आणि २०२० संपताना सगळ्या नव्या इमारतींना लागू झाला. तिथली भांडणं थंडीशी असतात, म्हणून हवाबंद खिडक्या, तीन पदरी काचा. ती यादी इथे जशीच्या तशी उचलली तर पैसा चुकीच्या जागी जाईल. वर्ध्याला मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर जवळपास ऊनच पडत नाही. सगळा मारा छपरावर, त्यानंतर दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवर. एकमजली घरात तर छप्पर हेच सगळं.

भारतातली घरांसाठीची संहिता, २०१८ ची इको-निवास संहिता, छपराची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत ठेवा म्हणते. म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. नुसत्या साडेचार इंची स्लॅबची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या आसपास असते. वर कडक फोमची २५ मिमी एक्सपीएस शीट टाकली की ती १ च्या आसपास येते, ५० मिमीला ०.६ च्या खाली. पहिल्या २५ मिमीचा फायदा सगळ्यात मोठा, पुढच्याचा कमी. पैसे मोजके असतील तर पाच घरांवर ५० मिमी टाकण्यापेक्षा दहा घरांवर २५ मिमी टाका.

स्लॅबवर थर कोणत्या क्रमाने टाकता यावर सगळं अवलंबून आहे. आधी स्लॅबला पाणी साचवून गळती शोधा आणि ती बंद करा. मग सौर पॅनेलचे पाय जिथे येणार तिथे काँक्रीटचे ठोकळे आत्ताच ओतून घ्या. त्यानंतर वॉटरप्रूफिंग आणि ते ठोकळ्यांच्या बाजूने निदान सहा इंच वर चढवा. त्यावर एक्सपीएस, सांधे एकावर एक येणार नाहीत असे. वर जाड प्लास्टिक, मग कोंबडी जाळी घालून ४० ते ५० मिमी कोबा (काँक्रीटचा थर), आणि कोब्याला दर सव्वा ते दीड मीटरवर सांधा. सांधा सोडला नाही तर पहिल्याच मेमध्ये कोबा फुगतो, भेगा पडतात आणि मृगाचं पाणी शीटखाली जाऊन बसतं. ते पाणी मग आठ महिने निघत नाही. सगळ्यात शेवटी पांढरी टाइल किंवा चुना. ठोकळे विसरले आणि नंतर सौरवाल्याने ड्रिल मारलं, की हे सगळं काम एका दुपारी वाया जातं.

एक्सपीएसऐवजी पॅकिंगचा थर्माकोल वापरू नका. कोब्याच्या वजनाने आणि चालण्याने तो दबतो.

कवेलूच्या घरांचं उत्तर सरळ आहे. पाडू नका. मातीची दीड-दोन फुटी भिंत दुपारची उष्णता रात्रीपर्यंत अडवून धरते आणि कवेलूंच्या फटींमधून तापलेली हवा वर निघून जाते. सेवाग्रामची बापू कुटी याच साहित्यातली, माती-बांबू-कवेलूंची आणि खाली उतरत्या सपरीची (पडवीची). त्या घरावर स्लॅब टाकला तर वरची उष्णता आत अडकते आणि मातीच्या भिंतीला न पेलणारं वजन येतं. लोक कवेलू काढतात त्यामागे उष्णता नसते, वानरं असतात. एक टोळी आढ्यावरून धावली की पन्नास कवेलू फुटतात आणि ते फेरणारी माणसं आता मिळत नाहीत. उपाय असा: कवेलू उतरवा, फाटे (छपराचे वासे) आणि कमच्या (बांबूच्या पट्ट्या) तपासा, वाळवी लागलेले बदला, फाट्यांवर पातळ टिन किंवा फायबर शीट ठोका आणि त्यावर पट्ट्या मारून कवेलू परत चढवा. पाणी खालची शीट अडवते, ऊन वरचे कवेलू. काही फुटले तरी घर गळत नाही. मात्र शीट आणि कवेलू यांत पट्ट्यांनी किमान एक इंच फट ठेवा, नाहीतर हवा खेळत नाही.

डीपी_ते_मीटर

वरच्या उत्तराशी सहमत आहे, आता लाइनचं सांगतो. इथेच बहुतेक आराखडे अडकतात.

ऑन-ग्रिड, म्हणजे थेट लाइनला जोडलेला सौर इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतः बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्याच्या जीवासाठी ते आवश्यक आहे. म्हणजे भारनियमनात छपरावर ऊन असूनही घरात पंखा फिरणार नाही. हे ग्रामसभेत पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर लोकांना फसवल्यासारखं वाटेल. ज्या घरात १५० एएचची बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर आधीच आहे, तिथे बीएलडीसी पंख्याचा दुहेरी फायदा होतो. त्या बॅटरीतून वापरता येणारी वीज साधारण १.१ युनिट. दोन जुने पंखे आणि तीन दिवे असतील तर सहा तास, दोन बीएलडीसी आणि तेच दिवे असतील तर बारा तास.

आता व्होल्टेज. तुमच्या वस्तीत डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटचं घर किती दूर आहे ते पावलांनी मोजा. समजा ३०० मीटर आहे. गावाकडच्या ३० चौरस मिमीच्या तारेला किलोमीटरमागे साधारण ०.९ ओहम रोध असतो. जायची आणि यायची तार मिळून ०.५५ ओहम धरा. शेवटच्या खांबावर एकाच फेजवर १० किलोवॅट सौर वीज ढकलली तर ४३ अँपिअर, म्हणजे व्होल्टेज २४ व्होल्टने वर चढणार. डीपीवर २३५ असेल तर टोकाला २५९. इन्व्हर्टर २५३ च्या आसपास ट्रिप होतात. सूर्य जोरात, लोड कमी, अशा डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी सगळे इन्व्हर्टर एकामागून एक बंद पडतात, आणि नेमका त्याच वेळी सगळ्यात चांगला सूर्य असतो. पॅनेल थंडीत जास्त चांगलं चालतं. तेच १० किलोवॅट तीन फेजवर सारखं वाटलं तर प्रत्येक फेजवर साडेचौदा अँपिअर, न्यूट्रलमध्ये जवळपास काही नाही, आणि चढ फक्त ४ व्होल्ट. एवढा फरक फक्त वाटणीने पडतो.

म्हणून आधी एका कागदावर खांबागणिक कोणतं घर कोणत्या फेजवर आहे ते लिहा. शेवटच्या खांबावर दुपारी १२ ते २ मध्ये मल्टिमीटरने व्होल्टेज घ्या, सलग आठ दिवस. आजच २४५ दिसत असेल तर तारा बदलणं किंवा डीपीचा टॅप (व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायची सोय) बदलणं हा विषय महावितरणकडे आधी मांडा, पॅनेलचे अर्ज नंतर.

मोठा तुकडा डीपीजवळ टाका. शाळा, ग्रामपंचायत, पाण्याची टाकी यांच्यापैकी जे जवळ असेल तिथे पंप आणि दिव्यांपुरतं ५ किलोवॅट तीन फेजचं. घरांवर १ किलोवॅटचे तुकडे वाटा. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० अनुदान आहे, पण त्यासाठी घर, छप्पर आणि मीटर त्याच माणसाच्या नावाने लागतं. वडिलांच्या नावाचं मीटर आणि मुलाच्या नावाचं घर अशा ठिकाणी आधी नाव बदलून घ्या. त्यात महिने जातात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ६८० युनिट लागणाऱ्या घरावर १ किलोवॅट टाकलं की १,४०० युनिट तयार होतात. जास्तीचे युनिट त्याच मीटरच्या खात्यात महिनागणिक पुढे जातात, शेजाऱ्याचं बिल त्याने कमी होत नाही. वस्तीचा हिशोब शून्यावर येतो, पण ज्याच्या छपरावर पॅनेल बसत नाही त्याचं बिल तसंच राहतं. त्या घरांना पंखे आणि छपराचं काम पहिल्या फेरीत द्या, म्हणजे उन्हाळ्यात त्यांचं बिल १०० युनिटांच्या आत येईल. १०० च्या वर गेलं की दर बराच चढतो, त्यामुळे १६५ युनिटांचे ९५ झाले तर बचत युनिटांपेक्षा रुपयांत मोठी दिसते.

बीएलडीसीबद्दल एक इशारा. जुना रेग्युलेटर काढून टाका, त्याच्यातून हा पंखा चालवू नका. आणि न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येतं. जुना पंखा घुमघुम करून वाचतो, बीएलडीसीचं कार्ड मात्र जळतं. बोर्डावर जास्त व्होल्टेजला कटणारा संरक्षक आणि सर्ज (क्षणिक झटका) अडवणारा संरक्षक दोन्ही बसवा. त्याशिवाय पंखे वाटू नका.

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत: पॅनेलच्या ढाच्याचा, इन्व्हर्टरचा आणि आकाशातली वीज अडवणाऱ्या शलाकेचा. काळ्या मातीत एक अडचण हमखास येते. मार्चनंतर माती आकसते, इलेक्ट्रोडभोवती बोटभर भेग पडते, आणि जानेवारीत ५ ओहमच्या खाली दिसणारी अर्थिंग मेमध्ये कागदावरच राहते. खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरा, वर झाकण आणि पाणी ओतायला नळी ठेवा, आणि रोध मेमध्येच मोजा, कारण वावधन (वादळी वारा) आणि विजा तेव्हाच येतात.

सपरी_वर्धा

फार उपयोगी. दोन गोष्टी विचारतो. एक, टिनाच्या ११ घरांचं कुणी सांगितलं नाही. दोन, घरकुलाचा स्लॅब चार इंची आहे, वर कोबा चढवायला गवंडी तयार नाही.

पांढरी_माती

गवंड्याचं ऐका. ५० मिमी कोबा म्हणजे चौरस मीटरला १२० किलो वजन. चार इंची स्लॅब, खाली विटांची भिंत आणि पाया काळ्या मातीत, अशा घरावर हे वजन इंजिनिअरने पाहिल्याशिवाय चढवू नये. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आधीच कोपऱ्यांत तिरक्या भेगा असतील तर अजिबात नाही. जुन्या लोकांनी गाव पांढरीवर वसवलं आणि काळी शेतीला ठेवली, ते याचसाठी. घरकुलं मात्र मिळेल त्या जागेवर उभी राहिली.

अशा घरकुलाला हलका उपाय करा. स्लॅब घासून धुवा, भेगा भरा आणि चुन्याचे तीन हात द्या. कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये आदल्या दिवशी विझवा. आधी पाणी भरा आणि चुना थोडा थोडा त्यात सोडा. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून डोळ्यांत उडतो. प्लास्टिकचा ड्रम उष्णतेने पाघळतो, तो वापरू नका. दुसऱ्या दिवशी गाळून दहा किलो चुन्याला पाऊण ते एक किलो फेव्हिकॉल मिसळा, ताकाइतकं पातळ करा, आणि सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर लावा. तापल्या स्लॅबवर लावला की तो पकड घेण्याआधी वाळतो आणि हाताला पावडर लागते. एका पावसाळ्यात बराच धुऊन जातो, म्हणून दर वर्षी होळीच्या सुमारास परत. पॅनेल लावणार असाल तर चुना आधी, पॅनेल नंतर.

पॅनेल म्हणजे छत्री असं म्हणतात, तेही मोजून बघा. १ किलोवॅटला दोन मोठी पॅनेल, सव्वापाच चौरस मीटर. घरकुलाचा स्लॅब २५ चौरस मीटर. म्हणजे पाचवा हिस्साच सावलीत. बाकीच्या भागावर सात फूट उंचीवर ७५ टक्के सावलीची शेडनेट ताणा. ती वायरवर हुकने अडकवा, शिवून टाकू नका. एप्रिलच्या वावधनाआधी पाच मिनिटांत उतरवता आली पाहिजे. पॅनेलवर सावली पडणार नाही अशी उत्तरेकडच्या बाजूला घ्या.

आता टिन. टिनाखाली चमकी फॉइल थेट चिकटवतात, ती चूक आहे. फॉइल अडवते ती किरणांनी येणारी उष्णता, आणि त्यासाठी तिच्यासमोर मोकळी हवा लागते. टिनाला चिकटली की ती टिनाइतकीच तापते. टिनाच्या खाली फूटभर अंतरावर बांबूच्या तट्ट्याची सिलिंग करा. तट्टे गावातल्या बुरडांकडून विणून घ्या, गडचिरोली-चंद्रपूरकडचा बांबू चांगला. बांबू विणण्याआधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवलेला असावा, नाहीतर दोन वर्षांत भुंग्याने पोखरून खाली पिवळा भुसा गळतो. तट्ट्याच्या वरच्या अंगाला माती-शेणाचा अर्धा इंच लेप. फॉइल घ्यायचीच असेल तर ती फाट्यांच्या खालून मारा, चमकी बाजू तट्ट्याकडे. खाली तोंड असलं की धूळ बसत नाही. दोन्ही त्रिकोणी भिंतींत दोन फूट बाय एक फूट जाळी ठेवा. जाळी नसेल तर टिन आणि सिलिंगमधली हवा भट्टीसारखी कोंडते. जाळीची भोकं बोटाच्या पेरापेक्षा बारीक हवीत, नाहीतर उंदीर आणि त्यांच्या मागे साप माळ्यावर येतात.

टिनावर चुना धरत नाही. जस्ताच्या पत्र्याचा प्रायमर मारून वर पांढरा ॲक्रिलिक छपराचा रंग द्या.

पश्चिमेच्या भिंतीला पैसे नसतील तर तुराट्यांचा कूड पुरतो. भिंतीपासून फूटभर दूर बांबूंच्या चौकटीत उभा करा, माती लिंपा, वर खाली हवा जायला जागा सोडा. चूल आणि वायर यांपासून दूर ठेवा. कायमची सावली हवी असेल तर कडुनिंब किंवा करंज, भिंतीपासून निदान पंधरा फुटांवर. जवळ लावला तर मुळं काळ्या मातीतलं पाणी ओढतात आणि पाया बसतो.

कूलर_आणि_पाणी

वर कूलरच्या विजेवर बोललं गेलं, पाण्यावर नाही. या वस्तीत मे महिन्यात पाण्याचा प्रश्न विजेच्या आधी येईल.

४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना कूलर ७५ टक्के कार्यक्षमतेने चालला तर आत २८ अंशांची हवा सोडतो. फारच चांगलं काम, आणि त्यासाठी तासाला साधारण १५ लिटर पाणी पितो. ४२ कूलर रोज १४ तास चालले तर ८,८०० लिटर. जलजीवन या नळपाणी योजनेच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने, घरात साडेचार माणसं धरली, तर अख्ख्या वस्तीचं दिवसाचं पाणी १०,४०० लिटर. म्हणजे कूलर जवळपास तेवढंच पितात! छप्पर सुधारून ९ तासांवर आलात तर ५,७०० लिटर. छपराच्या कामाने पंपाचे तासही वाचतात, ते हिशोबात धरा.

कूलरसमोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार उघडं हवं, निदान कूलरच्या तोंडाएवढं. बंद खोलीत तीच ओली हवा फिरते, घाम वाळत नाही, आणि माणूस म्हणतो कूलर बिघडला. कूलर सावलीत, उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीला. बोअरचं पाणी जड असेल तर ताट्यांवर (कूलरच्या गवती जाळ्यांवर) पांढरा थर बसतो आणि हवा अडते. टाकीतलं पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण ओतून द्या, ते बागेला चालतं. डासही त्याच पाण्यात होतात.

जुलै लागला की कूलर बंद करा. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला कूलर दोन-अडीच अंशच उतरवतो आणि घर ओलं करतो. तेव्हा फक्त पंखा आणि आरपार वारा.

घरकुलाच्या २५ चौरस मीटर छपरावरून हजार मिलिमीटर पावसाचं वीस हजार लिटर पाणी वाहतं, गळती-उडी वजा करून. सगळं साठवणं परवडत नाही. पण झाकणबंद ५,००० लिटरची टाकी भरून ठेवली तर ९ तासांच्या कूलरला ३७ दिवस पुरते, आणि हे पाणी हलकं असल्याने ताट्याही टिकतात. पॅनेल धुवायलाही हेच वापरा. बोअरच्या पाण्याचे थेंब काचेवर वाळले की क्षारांचे डाग बसतात आणि घासून निघत नाहीत. पॅनेल सकाळी, काच गार असताना धुवायचे. ज्या गावांजवळ कोळशाच्या गाड्या किंवा जिनिंग आहे, तिथे दर आठ-दहा दिवसांनी.

छप्पर_आणि_भिंत

चार इंची स्लॅबबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. मी लिहिलेले थर साडेचार-पाच इंची स्लॅब आणि धड भिंती असलेल्या पाच घरांनाच लागू धरा.

पॅनेलच्या उंचीचं राहिलं. टिनावर पॅनेल अगदी चिकटवून लावतात. पॅनेलच्या पेशीचं तापमान २५ च्या वर गेलं की प्रत्येक अंशाला ०.३५ टक्के उत्पादन घटतं. मेमध्ये पेशी ६५-७० पर्यंत जाते, म्हणजे १४ ते १६ टक्के वीज तिथेच गेली. खाली निदान सहा इंच मोकळी जागा ठेवा, स्लॅबवर दोन फूट. उतार दक्षिणेला २० ते २१ अंश, आपल्या अक्षांशाइतका. आणि टिनाचे फाटे पॅनेल पेलतील का हे बघताना वजनापेक्षा वाऱ्याची उचल पाहा. वावधन पॅनेलला खालून उचलतं, टिनासकट. स्क्रू टिनात नाही, फाट्यात किंवा लोखंडी पर्लिनमध्ये (टिनाखालच्या आडव्या पट्टीत) गेला पाहिजे, आणि फाटा भिंतीला पट्टीने बांधलेला हवा.

डीपी_ते_मीटर

कामाचा क्रम वर्षाप्रमाणे लावा. पावसाळा संपल्यावर पाइपलाइनची गळती, फेजची वाटणी, मीटरवरची नावं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पंप, दिवे, पंखे. जानेवारी-फेब्रुवारीत कवेलू, टिन आणि स्लॅब, कारण तेव्हा पाऊस नाही आणि टिनावर माणूस उभा राहू शकतो. मार्चमध्ये चुना, मग पॅनेल. पॅनेलची संख्या तेव्हाच्या बिलांवरून ठरवा, आजच्या नाही.

पहिल्या वर्षी प्रत्येक प्रकारची दोन घरं मुद्दाम दुरुस्तीविना ठेवा, त्यांच्या संमतीने आणि पुढच्या वर्षी पहिला नंबर त्यांचा या अटीवर. दोन्ही गटांत मेच्या पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात दुपारी ४ ला आणि रात्री १० ला छपराच्या आतल्या बाजूचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. रात्रीचा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण साठलेली उष्णता स्लॅब तेव्हाच खाली सोडतो. चमकणाऱ्या टिनावर किंवा फॉइलवर थर्मामीटर खोटं कमी दाखवतो. तिथे आधी काळ्या टेपचा चौकोन चिकटवा आणि त्यावर नेम धरा.

नेट मीटरवर आयात आणि निर्यात असे दोन वेगळे आकडे आळीपाळीने येतात. दर महिन्याच्या १ तारखेला दोन्ही वहीत लिहा. एखाद्या घराची निर्यात शेजारच्या घरांच्या निम्म्यावर आली तर आधी इन्व्हर्टरच्या पडद्यावर व्होल्टेजचा एरर आहे का पाहा, मग धूळ, मग वायर वानराने ओढली आहे का ते. वायर उघडी सोडू नका, जीआय पाइपातूनच खाली उतरवा.